प्लेटलेट नॉर्मल आल्या, मग मला बरं का वाटत नाही?

या वेळी सगळी पत्रं एकाच आजारावरची घेतलीयत. टीटीपी, म्हणजे थ्रॉम्बॉटिक थ्रॉम्बोसायटोपेनिक पर्प्युरा, बारीक रक्तवाहिन्यांत गुठळ्या होऊन प्लेटलेट कमी होण्याचा आजार. नाव उच्चारतानाच दम लागतो आणि दहा लाख लोकांमागे वर्षाला अगदी मोजक्या जणांना होतो, त्यामुळे ज्याला होतो त्याला आजूबाजूला विचारायला कुणी सापडतच नाही. मागे एका उत्तरात मी याचा नुसता उल्लेख केला होता, तर तेवढ्यावरून पत्रं आली आणि बहुतेक सगळी आजारातून उठलेल्या लोकांची किंवा त्यांच्या घरच्यांची होती. आजार कसा ओळखायचा हे कुणी विचारलं नाही, सगळ्यांचा सूर एकच की "वाचलो, पण आता पुढे काय?" पत्रं लांब होती म्हणून थोडी कापलीयत आणि नावं मुद्दाम दिलेली नाहीत.

प्रश्न : डॉक्टर, मी ३४ वर्षांची आहे. पाच महिन्यांपूर्वी अचानक पायांवर लाल ठिपके आले, लघवी गडद तपकिरी व्हायला लागली, डोकं प्रचंड दुखायचं आणि एक दिवस बोलता बोलता मला माझ्या मुलीचं नावच आठवेना. ॲडमिट केलं तेव्हा प्लेटलेट ११ हजार होत्या. टीटीपी सांगितलं, अकरा वेळा प्लाझ्मा एक्स्चेंज (रक्तातला पातळ भाग, म्हणजे प्लाझ्मा, बदलणं) झालं, स्टिरॉइड, रिटुक्सिमॅबचे (अँटीबॉडी बनणं दाबणारं औषध) चार डोस, एकोणीस दिवसांनी घरी आले. आता प्लेटलेट २ लाख ४० हजार, हिमोग्लोबिन पण ठीक आहे. रिपोर्ट बघून सगळे म्हणतात चला सुटलीस. पण मला दुपारी तीननंतर उभं राहवत नाही, जिना चढताना मांड्या भरून येतात, बोलताना शब्द सापडत नाहीत, गॅसवर काही ठेवलं तर विसरते. हातावर कुठे निळं दिसलं की छातीत धस्स होतं आणि रात्र रात्र झोप लागत नाही. नवरा समजूतदार आहे पण परवा तो पण म्हणाला की रिपोर्ट नॉर्मल आहेत ना मग हे मनाचंच असेल. खरंच मनाचं आहे का? की आजार परत येतोय?

उत्तर : ताई, दोन्ही नाही. मनाचे खेळ नाहीत आणि बहुतेक आजारही परत आलेला नाही. हे आधीच सांगते म्हणजे पुढचं शांतपणे वाचाल.

आता जरा मागे जाऊ. आपल्या रक्तात व्हॉन विलेब्रँड फॅक्टर नावाचं प्रोटीन असतं, लांबच लांब दोरीसारखं, प्लेटलेट त्याला चिकटतात आणि जखम झाली की तिथे रक्त थांबतं. ही दोरी फार लांब राहू नये म्हणून तिचे तुकडे करणारं एक एन्झाइम असतं, त्याचं नाव ॲडॅमटीएस-१३. तुमच्या आजारात तुमच्याच शरीरानं या एन्झाइमच्या विरुद्ध अँटीबॉडी बनवल्या, एन्झाइम जवळजवळ संपलं, दोऱ्या लांबच राहिल्या आणि काही जखम नसताना प्लेटलेट त्यांना चिकटून अंगभरच्या बारीक बारीक रक्तवाहिन्यांत गुठळ्या झाल्या. म्हणून प्लेटलेट ११ हजारावर आल्या, त्या कुठे गळून गेल्या नव्हत्या तर गुठळ्यांत खर्च झाल्या होत्या. आणि त्या अरुंद झालेल्या वाटेतून जाताना लाल पेशी फाटल्या, म्हणून लघवीचा रंग तसा झाला.

हे सगळं पुन्हा का सांगतेय, तर त्या बारीक गुठळ्या मेंदूतही होत्या. मुलीचं नाव न आठवणं हे त्याचंच लक्षण होतं. प्लेटलेटचा आकडा दोन आठवड्यांत वर येतो पण मेंदूला, हृदयाला, स्नायूंना जो रक्तपुरवठा तेवढे दिवस अर्धवट मिळाला त्याची भरपाई आकड्याबरोबर होत नाही, तिला वेळ लागतो. सीबीसीच्या, म्हणजे रक्तपेशी मोजण्याच्या टेस्टच्या, रिपोर्टमध्ये थकव्याचा कॉलम नसतो. तो असता तर तुमच्या नवऱ्यानं असं म्हटलंच नसतं.

आणि हे मी तुम्हाला बरं वाटावं म्हणून म्हणत नाहीये. अमेरिकेतल्या ओक्लाहोमा राज्यात १९८९ पासून टीटीपीच्या पेशंट्सची नोंद ठेवलीय, एकदा बरे झालेल्या लोकांच्या मागे ते वर्षानुवर्षं राहिले. तिथे पेशंट एकत्र भेटायचे तेव्हा जो तो हेच सांगायचा की लक्ष लागत नाही, आठवत नाही, थकायला होतं. मग डॉक्टरांनी रीतसर तपासण्या केल्या तेव्हा हे खरंच निघालं, आणि बरे झालेल्यांमध्ये डिप्रेशन आणि ब्लड प्रेशर हे दोन्ही इतर लोकांपेक्षा जास्त सापडलं. म्हणजे तुम्ही जे लिहिलंय ते या आजाराच्या बरं होण्याचा भाग आहे. आम्ही डॉक्टर मंडळी बऱ्याचदा प्लेटलेट बघून खूश होतो आणि पुढचा पेशंट बोलावतो, हे चुकतं आमचं, मी स्वतः सुरुवातीची काही वर्षं असंच केलंय.

मांड्या भरून येतात याचं मात्र आणखी एक साधं कारण असू शकतं, स्टिरॉइड. जास्त डोस काही आठवडे चालला की मांड्यांचे आणि दंडांचे स्नायू अशक्त होतात, खुर्चीतून उठताना हाताचा आधार घ्यावा लागतो, जिना नको वाटतो. डोस उतरला की ताकद परत येते पण हळूहळू, आणि त्यासाठी व्यायाम लागतो, नुसती विश्रांती उपयोगाची नाही. फिजिओथेरपिस्टकडे जा, खुर्चीतून उठणं-बसणं दहा वेळा, भिंतीला धरून टाचा उचलणं, इतक्या साध्यानं सुरुवात होते. हातावर निळं दिसतं त्यातही स्टिरॉइडचा हात असतो कारण कातडी पातळ होते, जरा कुठे लागलं की डाग पडतो. आजाराचे ठिपके वेगळे असतात, टाचणीच्या डोक्याएवढे, घोळक्यानं, बहुतेक पायांवर, आणि काचेच्या पेल्यानं दाबलं तरी पुसट होत नाहीत. एकटादुकटा निळा डाग जिथे लागलं तिथेच असेल आणि आठवड्यात हिरवा-पिवळा होऊन जात असेल तर घाबरू नका. तरी जीवाला चैन पडत नसेल तर सीबीसी करून या, त्यात लाज वाटण्यासारखं काहीच नाही, मी माझ्या पेशंट्सना सांगते की पहिल्या वर्षात शंका आली की थेट लॅबमध्ये जायचं, मला विचारायला पण थांबायचं नाही.

शब्द न सापडणं आणि विसरणं यासाठी तुमच्या डॉक्टरांना स्पष्ट सांगा की मला हे होतंय. मेंदूचा एमआरआय आधी झाला नसेल तर ते करायला सांगतील, कधीकधी लक्षात न आलेले बारीक स्ट्रोक त्यात दिसतात, आणि दिसले तर पुढची काळजी वेगळी घ्यावी लागते म्हणून ते कळलेलं बरं. तोवर डोक्यावर भार टाकू नका, कागदावर लिहून ठेवा, मोबाईलला अलार्म लावा, एका वेळी एकच काम. दुपारी तीननंतर बॅटरी संपते ना, मग महत्त्वाची कामं सकाळी उरका आणि तीनला आडवं व्हा, त्यासाठी घरात कुणाची परवानगी लागत नाही.

आणि झोप. भीती. तुम्ही मरणाच्या दारातून आलायत ताई, ही अतिशयोक्ती नाही. न्यूयॉर्कमध्ये १९२४ साली डॉ. एली मॉस्कोविट्झ यांनी हा आजार पहिल्यांदा लिहून ठेवला, १६ वर्षांची मुलगी होती, ताप, ठिपके, मग पॅरालिसिस, कोमा, आणि थोड्याच दिवसांत गेली. त्यानंतर कितीतरी वर्षं दहातले नऊ जण जायचे. प्लाझ्मा बदलायला लागल्यापासून हे उलटं झालं, आता दहातले आठ-नऊ वाचतात. ज्याच्यावर ही वेळ आली त्याला रात्री झोप न लागणं अगदी समजण्यासारखं आहे, पण पाच महिने झोप नाही हे तसंच सोडायचं नाही, त्यासाठी मानसोपचारतज्ज्ञाकडे जा. हे पण उपचारच आहेत, प्लाझ्मासारखेच. तुमच्या नवऱ्याला हे उत्तर वाचायला द्या, ते चांगले दिसतायत, त्यांना फक्त कुणी सांगितलेलं नाही.

प्रश्न : माझ्या धाकट्या भावाला दोन महिन्यांपूर्वी हाच आजार झाला. आधी व्हायरल ताप म्हणून दोन दिवस गेले. मोठ्या हॉस्पिटलात नेलं तेव्हा प्लेटलेट ९ हजार. आम्ही सगळे रक्त द्यायला तयार होतो, डॉक्टरांना हात जोडून सांगत होतो की प्लेटलेट चढवा, पण त्यांनी ऐकलं नाही, मानेत नळी घालून मशीन लावलं. भाऊ वाचला पण आमचे एक नातेवाईक अजून म्हणतात की वेळेवर प्लेटलेट दिल्या असत्या तर इतके दिवस आयसीयूत राहावं लागलं नसतं, आणि ते दोन दिवस घरी घालवले ते पण आमच्यामुळेच. आमचं चुकलं का?

उत्तर : नाही दादा. आणि त्या डॉक्टरांचंही नाही, उलट त्यांनी बरोबर तेच केलं.

वरच्या उत्तरात लिहिलंय तसं या आजारात प्लेटलेट कमी पडलेल्या नसतात, गुठळ्या करण्यात वापरल्या गेलेल्या असतात. अशा वेळी बाहेरून प्लेटलेट दिल्या तर त्या पण त्याच दोऱ्यांना जाऊन चिकटण्याची भीती असते, मेंदूत किंवा हृदयात आणखी गुठळ्या व्हायच्या. म्हणून जीवावर बेतणारा रक्तस्राव असला तरच देतात, नुसता आकडा ९ हजार आहे म्हणून देत नाहीत. दुसऱ्या आजारांमध्ये ९ हजारावर सरळ प्लेटलेट चढवतात त्यामुळे तुमच्या नातेवाइकांना तसं वाटणं साहजिक आहे, ते चूक बोलत असले तरी वाईट हेतूनं बोलत नाहीत.

मशीननं काय केलं ते सांगते कारण घरच्यांना हे कुणी नीट समजावत नाही आणि मानेतल्या त्या नळीची आठवण फार दिवस टोचत राहते. भावाचं रक्त एका बाजूनं बाहेर घेतलं, त्यातला पिवळा प्लाझ्मा वेगळा करून टाकून दिला, त्यात एन्झाइमला मारणाऱ्या अँटीबॉडी होत्या, आणि लाल पेशींबरोबर दात्यांचा ताजा प्लाझ्मा आत सोडला, त्यात चांगलं एन्झाइम होतं. वाईट काढलं आणि चांगलं घातलं, एकाच वेळी. रोज, प्लेटलेट दीड लाखाच्या वर जाऊन तिथे टिकेपर्यंत. त्या वेळी ओठांना मुंग्या आल्या असतील, ते रक्त गोठू नये म्हणून घातलेल्या सायट्रेटमुळे कॅल्शियम खाली जातं म्हणून. नुसता प्लाझ्मा चढवून चालतं का हे पण बघून झालंय, कॅनडात १०२ पेशंट्सचे दोन गट केले, एकाला एक्स्चेंज आणि दुसऱ्याला नुसता प्लाझ्मा, १९९१ साली ते प्रसिद्ध झालं. सहा महिन्यांनंतर एक्स्चेंजच्या ५१ जणांतले ११ गेले होते आणि दुसऱ्या ५१ मधले १९. तेव्हापासून जगभर हेच करतात.

दोन दिवसांचं म्हणाल तर हा आजार ओळखणं खरंच कठीण आहे. ताप, डोकेदुखी, अशक्तपणा, यातून टीटीपी डोक्यात येणं पहिल्या दिवशी मोठमोठ्या डॉक्टरांना पण जमत नाही. ज्यांनी स्लाइडवर तुटक्या लाल पेशी बघितल्या आणि लगेच मशीनकडे धावले त्यांनी तुमचा भाऊ वाचवला, आणि तुम्ही त्याला तिथपर्यंत नेलंत. हिशोब इथेच मिटवा.

तुम्ही शेवटी विचारलंय की आम्हाला काही परत करता येईल का. येईल की. एका एक्स्चेंजला साधारण तीन लिटर प्लाझ्मा लागतो, म्हणजे दहा-बारा अनोळखी माणसांनी दिलेला, आणि असं रोज. घरातल्या धडधाकट माणसांनी नियमित रक्तदान करा. कुणाचा ग्रुप एबी असेल तर त्याला मुद्दाम सांगा की तुझा प्लाझ्मा कुठल्याही ग्रुपच्या पेशंटला चालतो, एबीवाल्यांना कायम वाटत असतं की आपल्या रक्ताला मागणी नाही.

प्रश्न : मला टीटीपी होऊन अडीच वर्षं झाली. मी एकदम ठणठणीत आहे, रोज पाच किलोमीटर चालतो, प्लेटलेट २ लाख १० हजार. दर तीन महिन्यांनी एन्झाइमची टेस्ट करतात, मागच्या वेळी ३८ टक्के होतं आणि आता १४ टक्के आलंय. डॉक्टर म्हणतात परत रिटुक्सिमॅब घ्या. मला काहीच होत नाहीये तर औषध कशाला घ्यायचं? त्यापेक्षा थांबून बघतो म्हटलं तर त्यांना ते आवडलं नाही.

उत्तर : मलाही आवडलं नसतं. साहेब, तुमचं पत्र वाचून मी आधी फोन करायचा विचार केला पण पत्रावर नंबर नव्हता, म्हणून हा अंक हातात पडेल तेव्हा जिथे असाल तिथून डॉक्टरांना फोन लावा.

प्लेटलेट हा या आजाराचा सगळ्यात शेवटी हलणारा काटा आहे. आधी एन्झाइम पडतं, त्याला कधी आठवडे तर कधी महिने लागतात, आणि त्या काळात माणूस तुमच्यासारखाच ठणठणीत असतो, चालतो फिरतो. मग एखादं इन्फेक्शन, एखादं ऑपरेशन, कधीकधी काहीच कारण नाही, आणि प्लेटलेट दोन दिवसांत कोसळतात. पूर्वी आम्हाला हे आधी दिसायचंच नाही. एन्झाइमचा शोधच मुळात २००१ च्या सुमाराला लागला, त्याआधी बरे झालेल्यांना आम्ही शुभेच्छा देऊन घरी पाठवायचो आणि त्यातल्या जवळपास ३० ते ५० टक्के लोकांना आजार परत व्हायचा. आता टेस्ट आहे म्हणून १४ टक्के कळलं. २० टक्क्यांच्या खाली घसरलं की धोका वाढतो म्हणून त्याच वेळी, लक्षणं यायच्या आधी रिटुक्सिमॅब द्यावं असं या विषयातल्या आंतरराष्ट्रीय संस्थेनं, आयएसटीएचनं, २०२० च्या मार्गदर्शनात सुचवलंय. बहुतेक पेशंट्समध्ये एन्झाइम परत वर येतं.

थांबून बघणं म्हणजे काय ते पण सांगते. टीटीपीचा दुसरा झटका पहिल्याइतकाच जीवघेणा असू शकतो, मानेत नळी, रोज एक्स्चेंज, आयसीयू, आणि मेंदूला बसणारा फटका नशिबावर. दुसऱ्या बाजूला दिवसभर सलाईनवर घ्यायचं औषध, तेही काही डोस. त्याचे त्रास आहेतच, पहिल्या डोसला थंडी-ताप येतो, नंतर काही महिने इन्फेक्शनची काळजी घ्यावी लागते आणि आधी हिपॅटायटिस बीची टेस्ट करावीच लागते कारण दबून बसलेला व्हायरस या औषधानं उठू शकतो. लसी घ्यायच्या असतील तर त्या पण डॉक्टरांना विचारून आधी उरका, औषधानंतर सहा महिने तरी लस नीट लागू पडत नाही. हे सगळं तोलून बघा. माझ्या मते यात तोलण्यासारखं फारसं नाही.

आणखी एक. अशा मधल्या काळात, म्हणजे प्लेटलेट चांगल्या पण एन्झाइम कमी, स्ट्रोकचा धोका जास्त दिसलाय. तुम्ही पाच किलोमीटर चालता हे फार चांगलं आहे, ते चालू ठेवा, ब्लड प्रेशर मोजत जा, सिगारेट असेल तर आजपासून बंद.

प्रश्न : आईचा चेहरा स्टिरॉइडनं सुजला, आरशात बघून रडते, परवापासून तिनं गोळ्याच बंद केल्यात. डिस्चार्जला पाच आठवडे झालेत. काही होणार नाही ना?

उत्तर : आजच्या आज डॉक्टरांशी बोला. स्टिरॉइड अचानक बंद केल्यावर दोन गोष्टींची भीती असते. एक म्हणजे एवढे आठवडे बाहेरून मिळत असल्यानं शरीरानं स्वतःचं स्टिरॉइड बनवणं थांबवलेलं असतं, एकदम बंद केलं की बीपी पडतं, उलट्या, चक्कर, माणूस गळून जातो. दुसरं म्हणजे पहिल्या महिना-दोन महिन्यांत आजार पुन्हा डोकं वर काढू शकतो, म्हणून डोस पायरी पायरीनं उतरवतात. आईला ओरडू नका. तिला सांगा की ही सूज डोस उतरला की उतरते, आणि तिला नको असेल तर डॉक्टर लवकर उतरवता येतं का बघतील, पण ते त्यांनी ठरवायचं. शुगर आणि हाडांसाठी कॅल्शियम-डी व्हिटॅमिनचं पण विचारून घ्या.

प्रश्न : मी २९ वर्षांची. तीन वर्षांपूर्वी टीटीपी झाला होता. आम्हाला मूल हवंय. सासूबाई आणि आई दोघीही घाबरल्यात, एकीनं तर सरळ नको म्हटलंय. कृपया खरं खरं सांगा.

उत्तर : खरं खरं सांगते. गरोदरपणात टीटीपी परत येऊ शकतो, कारण त्या महिन्यांत व्हॉन विलेब्रँड फॅक्टर नैसर्गिकपणेच वाढतो आणि ॲडॅमटीएस-१३ कमी होतं, म्हणजे तराजू आपोआपच चुकीच्या बाजूला झुकतो. आई आणि सासूबाईंची भीती खोटी नाही. पण "नको" हे उत्तर आता सगळ्यांसाठी राहिलेलं नाही, सगळं तुमच्या एन्झाइमच्या आकड्यावर आहे. दिवस राहायच्या आधी टेस्ट करा. चांगला असेल तर हिमॅटॉलॉजिस्ट (रक्तविकारतज्ज्ञ) आणि अवघड बाळंतपणं हाताळणाऱ्या स्त्रीरोगतज्ज्ञ, दोघांनी मिळून तुम्हाला बघायला हवं, आणि दर महिन्याला-दोन महिन्यांना टेस्ट. कमी असेल तर आधी तो वर आणायचा, आणि रिटुक्सिमॅब घेतलं तर त्यानंतर काही महिने थांबावं लागतं. अशा देखरेखीखाली बऱ्याच बायकांची बाळंतपणं सुखरूप होतात, मी स्वतः काही बघितलीयत आणि त्यातल्या एका बाळाचा पहिल्या वाढदिवसाचा फोटो माझ्या टेबलावर आहे.

तोवर गर्भनिरोधक लागत असेल तर इस्ट्रोजेन असलेल्या गोळ्या टाळा, इतर पर्याय आहेत. आणि तुम्ही पुढे एका ओळीत विचारलंय की बाळाला होईल का. तुमचा अँटीबॉडीवाला प्रकार असेल तर तो आनुवंशिक नसतो. जन्मजात प्रकार वेगळा आहे, त्यात जीनमध्येच बिघाड असतो आणि तो फार दुर्मीळ, पण काही बायकांमध्ये तो पहिल्यांदा गरोदरपणातच लक्षात येतो म्हणून जुने रिपोर्ट काढून अँटीबॉडी होत्या की नाही हे एकदा बघाच. जन्मजात प्रकारासाठी २०२३ मध्ये अमेरिकेत प्रयोगशाळेत बनवलेल्या ॲडॅमटीएस-१३ ला मंजुरी मिळालीय, म्हणजे प्लाझ्माऐवजी थेट ते एन्झाइमच देता येतं. दहा वर्षांपूर्वी मला कुणी हे सांगितलं असतं तर विश्वास बसला नसता.

प्रश्न : माझ्या मित्राला टीटीपीमध्ये कॅप्लासिझुमॅब नावाचं इंजेक्शन दिलं आणि त्याच्या प्लेटलेट तीन-चार दिवसांत वर आल्या. मला दिलं नव्हतं, मला तीन आठवडे लागले. माझे उपचार कमी पडले का?

उत्तर : नाही. ते औषध प्लेटलेटना त्या दोरीला चिकटूच देत नाही, म्हणून आकडा पटकन वर येतो आणि गुठळ्या थांबतात. युरोपात २०१८ मध्ये आणि अमेरिकेत २०१९ मध्ये मंजूर झालं. उंटाच्या जातीतल्या लामा नावाच्या प्राण्याच्या अँटीबॉडीवरून ते बनवलंय. पण ते अँटीबॉडी बनवणं थांबवत नाही, मूळ आजारावर स्टिरॉइड आणि रिटुक्सिमॅबच लागतात, त्यामुळे तुमच्या मित्रालाही पुढे एन्झाइमच्या टेस्ट कराव्या लागणारच. सगळीकडे ते मिळत नाही. तुम्ही त्याशिवाय बरे झालात, आणि आता दोघांची पुढची वाट सारखीच आहे.

प्रश्न : वर्ष झालं. कामावर परत गेलेय, अर्धवेळ. आता ऑफिसकडून आठ दिवस दुसऱ्या शहरात जायचंय, एकटीनं. घरचे नको म्हणतात. जाऊ का?

उत्तर : शेवटचं एन्झाइम चांगलं असेल आणि सीबीसी ठीक असेल तर जा. निघायच्या आधी एक सीबीसी करून घ्या, घरच्यांसाठीच समजा. पाकिटात एक कार्ड ठेवा, हातानं लिहिलेलं चालेल, त्यावर मोठ्या अक्षरात : मला टीटीपी होऊन गेलाय, प्लेटलेट कमी आल्या तर हिमॅटॉलॉजिस्टला विचारल्याशिवाय प्लेटलेट चढवू नका, आणि खाली तुमच्या डॉक्टरांचा नंबर, रक्तगट, चालू औषधं. मोबाईलमध्ये शेवटच्या रिपोर्टचे फोटो. तिथे प्लाझ्मा एक्स्चेंज होणारं सगळ्यात जवळचं हॉस्पिटल कुठलं ते आधीच शोधून ठेवा, बहुतेक लागणार नाही.

नवे ठिपके, गडद लघवी, डोळे पिवळे, बोलताना जीभ अडखळणं, एका बाजूला मुंग्या किंवा अशक्तपणा, छातीत दुखणं, गोंधळल्यासारखं वाटणं, यातलं काही झालं तर मीटिंग संपायची वाट बघायची नाही, त्याच तासाला इमर्जन्सीत जायचं आणि ते कार्ड पुढे करायचं. नुसतं थकायला झालं तर रूमवर जाऊन झोपा.

घरच्यांना रोज रात्री एक फोन करा.